मावळांतील भूसंपादन व कायद्याचा अर्थनिर्णय

१. मावळांतील जुन्या घराण्यांचीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत, त्यांस तेथें दोन जातींचे कागद आढळतात. एक जात मोडीची : महजर, निवाडपत्रें, करीने, थळपत्रें व सनदा. दुसरी जात छापील : जमीन संपादनाच्या नोटिसा, मोबदल्याच्या निवाड्यांच्या नकला, हक्कनोंदणीचे उतारे. पहिल्या जातीचा कागद हातीं येतांच संग्राहक तो जपतो, त्याची नक्कल उतरून घेतो आणि प्रसंगीं त्यावर टिपण लिहितो. दुसऱ्या जातीचा कागद बहुधा रद्दींत जातो. या दुसऱ्या जातीच्या कागदांसहि इतिहाससाधन म्हणून तितकेंच मोल आहे. मात्र तें मोल उमगण्यास ज्या कायदेपद्धतींतून ते कागद निघाले तिची तोंडओळख पाहिजे. ती करून देणें व तिच्या आधारें मावळांतील एका मोठ्या घडामोडीचा अर्थ लावणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मावळ हा शब्द आम्ही येथें जुन्या, विस्तृत अर्थानें योजतों. आजच्या मावळ तालुक्यांत, म्हणजे वडगांव हें ज्याचें मुख्य ठाणें आहे त्यांत, अंदर मावळ, नाणें मावळ व पवन मावळ येतात. पौड मावळ हा मुळशी तालुक्यांत मोडतो. इंद्रायणीच्या उगमाजवळचें लोणावळें, आंध्रा नदीचें खोरें आणि मुळा-निळेचा मुळशीकडील प्रदेश हीं तिन्ही स्थळें पुढील विवेचनांत वारंवार येतील.

आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें : कायद्यांतील शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नाच्या आधीं दुसरा एक प्रश्न उभा असतो; तो अर्थ न्यायालयास विचारण्याचा अधिकार कोणास आहे, हा तो प्रश्न होय. मावळांतील शेतकऱ्याचें विसाव्या शतकाच्या आरंभीं जें नुकसान झालें, तें शब्दाचा अर्थ चुकीचा लागल्यामुळें झालें असें म्हणतां येत नाहीं. त्याच्या बाबतींत तो शब्द न्यायालयापुढें येऊंच शकला नाहीं.

२. प्रथम जुनी रीत पाहूं. मावळांतील वतनाचा किंवा शिवेचा तंटा पूर्वीं गोतसभेपुढें चाले. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेजारगांवचे मोकदम व बलुतेदार एकत्र बसत. वादी व प्रतिवादी निवाडा मान्य करण्याविषयीं आधीं लिहून देत, जामीन देत, आणि मग आपापली हकीकत करीन्याच्या रूपानें मांडीत. जुने कागद, भोगवटा व साक्षी पाहून सभा निर्णय करी. पुरावा न मिळाल्यास दिव्यापर्यंत गोष्ट जाई. शेवटीं महजर होई व त्यावर सभासदांचीं नांवें आणि नांगरासारख्या निशाण्या पडत. या पद्धतीचा साधार परिचय वि. त्र्यं. गुणे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत करून दिला आहे.

या पद्धतीचे दोष सर्वश्रुत आहेत. एकच तंटा पिढ्यान्‌पिढ्या चाले, बलवंताकडे सभा झुके आणि राज्य पालटलें कीं निवाडा फिरे. परंतु तिच्यांतील एक गोष्ट प्रस्तुत विषयास महत्त्वाची आहे. कागदांतील शब्दाचा अर्थ लावणारे लोक तोच शब्द रोज बोलणारे होते. ‘मिरास’ म्हणजे काय, ‘शीव’ कोठून कोठवर, हें ठरवितांना सभेस कोश उघडावा लागत नसे. ओढ्याकांठीं उभें राहून ती तें सांगूं शके. आणि ज्याचें वतन गेलें त्यास निदान सभेपुढें उभें राहून ‘कां’ असें विचारतां येत असे.

३. १८१८ सालीं पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टननें दक्षिणेंत पंचायतीची रीत होतां होईल तों चालूं ठेवण्याचें धोरण स्वीकारलें. पुढें तो मुंबईचा गव्हर्नर असतां १८२७ चीं रेग्युलेशनें झालीं. त्यांपैकीं चौथ्या रेग्युलेशनाचें २६ वें कलम प्रत्येक संशोधकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दिवाणी दाव्यांत कोणता कायदा लावावा याची उतरंड त्यांत सांगितली आहे. पहिला मान पार्लमेंटचे कायदे व सरकारचीं रेग्युलेशनें यांना. तीं नसतील तेथें ज्या मुलखांत दावा उद्भवला तेथील वहिवाटीला. वहिवाट न आढळल्यास प्रतिवादीच्या कायद्याला. आणि यांपैकीं कांहींच नसल्यास न्याय, समता व सद्‌विवेक यांना.

या उतरंडीत वहिवाटीची जागा वरची दिसते, परंतु ती दुसरी आहे हें विसरतां कामा नये. गोतसभेंत जी वहिवाट सर्वस्व होती, ती आतां लिखित कायद्याच्या मागें उभी राहिली. लिखित कायदा बोलूं लागला कीं वहिवाटीनें गप्प बसावयाचें, हा नवा नियम होता.

शेवटच्या पायरीवरून इंग्रजी कायदा दक्षिणेंत शिरला. ‘कॉमन लॉ’ म्हणजे इंग्लंडांत राजाच्या न्यायाधीशांनीं ठिकठिकाणीं फिरून दिलेल्या निवाड्यांतून वाढत गेलेला, सर्व राज्याला समान असा कायदा. तो एका ग्रंथांत लिहिलेला नाहीं. तो निवाड्यांच्या साखळींत आहे. मुंबई बेटावर इंग्रजी कायदा प्रत्यक्षपणें लागू होता. मावळासारख्या मुलखांत तसा नव्हता. परंतु न्याय, समता व सद्‌विवेक यांचा अर्थ काय करावा असा प्रश्न आला तेव्हां प्रिव्ही कौन्सिलनें १८८७ सालीं वाघेला राजसंजी यांच्या प्रकरणांत असें सांगितलें कीं, हिंदी समाजाला व परिस्थितीला जुळतील तेथें इंग्रजी कायद्याचे नियम असाच त्याचा अर्थ सामान्यतः घेतला गेला आहे. अशा रीतीनें जें दारानें आलें नाहीं तें खिडकीनें आलें.

त्याबरोबर पूर्वनिर्णयाचें तत्त्वहि आलें. वरिष्ठ न्यायालयानें एकदां निर्णय दिला कीं त्याच प्रकारच्या पुढील प्रकरणांत खालचीं न्यायालयें त्यानें बांधलीं जातात. मात्र संबंध निवाडा बंधनकारक नसतो. ज्या कारणावर निर्णय उभा आहे तो गाभा तेवढा बांधतो. न्यायाधीश ओघानें जें बोलून गेले तें केवळ मार्गदर्शक असतें. १८६२ सालीं मुंबईचें हायकोर्ट स्थापन झालें. प्रथम त्याच्या निवाड्यांचे बारा खंड निघाले, व १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्‌स’ या मालेंत ते छापले जाऊं लागले. गोतसभेचा महजर त्या घराण्याच्या पेटींत राही. हायकोर्टाचा निवाडा छापून सर्वांस खुला झाला, परंतु तो इंग्रजींत होता. एक दार उघडलें त्याच वेळीं दुसरें बंद झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

४. आतां कायद्याच्या अर्थनिर्णयाकडे वळूं. विधिमंडळ कायदा करतें, पण त्यांतील शब्दांचा अर्थ न्यायाधीश लावतात. आणि एकदां लावलेला अर्थ पूर्वनिर्णयाच्या तत्त्वानें जणूं कायद्याचाच भाग होतो. यासाठीं इंग्रजी न्यायाधीशांनीं कालांतरानें तीन मुख्य नियम बसविले. पहिला, शब्दाचा सरळ अर्थ घ्यावा, परिणाम कांहींहि होवो. दुसरा, सरळ अर्थानें विपरीत किंवा विसंगत परिणाम होत असेल तर तेवढ्यापुरता तो अर्थ वळवावा. हा नियम १८५७ सालच्या ग्रे विरुद्ध पिअर्सन या प्रकरणांत लॉर्ड वेन्सलेडेल यांनीं स्पष्ट केला. तिसरा नियम सर्वांत जुना, १५८४ सालच्या हेडनच्या प्रकरणांतला. त्यांत न्यायाधीशानें चार प्रश्न विचारावे असें सांगितलें आहे : हा कायदा होण्यापूर्वीं कॉमन लॉ काय होता, त्यांत कोणती उणीव होती, ती भरून काढण्यास विधिमंडळानें कोणता उपाय योजला, आणि त्या उपायाचें खरें कारण कोणतें.

याशिवाय एक समजूत कॉमन लॉमध्यें खोल रुजलेली आहे. जो कायदा प्रजाजनाची मालमत्ता हिरावून घेतो त्याचे शब्द कसोशीनें तपासावे आणि संशयाचा फायदा मालकास द्यावा, ही ती समजूत. ती पुढें लागणार आहे म्हणून येथें नमूद करून ठेवतों.

आमच्या वाचकांस यांत अगदींच परकें असें कांहीं वाटूं नये. वाक्याचा अर्थ लावण्याचें शास्त्र आपल्याकडे जैमिनीपासून आहे. श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या या सहा प्रमाणांत आधीचें प्रमाण नंतरच्याहून बलवान् मानतात. शब्दाच्या सरळ अर्थास अग्रस्थान देऊन संदर्भास त्यानंतरची जागा द्यावी, हाच त्यांतील आशय. विधि कोणता व अर्थवाद कोणता हा भेदहि असाच. एकुलत्या एका मुलाचें दत्तविधान वैध कीं अवैध हा प्रश्न १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलपुढें आला, तेव्हां वसिष्ठाचें निषेधवाक्य उपदेशपर आहे, त्याच्या उल्लंघनानें दत्तक रद्द होत नाहीं, असा निर्णय झाला. त्या वादांत मीमांसेचा आधार घेतला गेला होता. १९०५ सालीं किशोरीलाल सरकार यांनीं टागोर व्याख्यानमालेंत मीमांसेच्या अर्थनिर्णयाच्या नियमांवरच व्याख्यानें दिलीं. सारांश, शब्दास प्रश्न विचारण्याची विद्या दोन्ही परंपरांत होती.

५. या विद्येचा आमच्या कागदांशीं किती निकट संबंध येतो याचें एक उदाहरण देतों. इनाम सनदेनें सरकारनें काय दिलें, जमीन कीं केवळ जमिनीचा सारा, हा प्रश्न मुंबईच्या न्यायालयांत अनेकदां आला. १८६७ सालच्या कृष्णराव गणेश विरुद्ध रंगराव या प्रकरणांत असें गृहीतक मांडलें गेलें कीं, इनाम म्हणजे सामान्यतः राजभागाचें, म्हणजे साऱ्याचें दान. मात्र सनदेंत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ असे शब्द असल्यास जमीनच दिली असें मानण्याकडे न्यायालयांचा कल असे. पुढें १९१८ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें मद्रासकडील एका प्रकरणांत, असें कोणतेंहि सरसकट गृहीतक धरूं नये, प्रत्येक सनद तिच्या शब्दांवरून व परिस्थितीवरून वाचावी, असें ठरविलें.

वाचकांपैकीं कित्येकांनीं ही शब्दावलि शेंकडों सनदांत वाचली असेल व सरावाची म्हणून सोडूनहि दिली असेल. परंतु ज्या दिवशीं ती जमीन सरकारानें घेतली, त्या दिवशीं मोबदला इनामदारास किती व कसणारास किती, हें याच शब्दांवर अवलंबून राहिलें. लेखकाच्या कलमाची एक सवय दोनशें वर्षांनंतर रुपयांत मोजली जाऊं लागली.

६. आतां ज्या कायद्यानें जमिनी घेतल्या त्याकडे येऊं. खाजगी जमीन सार्वजनिक कामासाठीं घेण्याचा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू असा कायदा १८५७ सालीं झाला. त्यांत किंमतीविषयीं एकमत न झाल्यास निवाडा पंचांकडे जाई. १८७० च्या कायद्यानें पंच गेले. मोबदल्याचा वाद दिवाणी न्यायालयाकडे आला व न्यायाधीशास साह्य करण्यास ॲसेसर बसूं लागले. १८९४ च्या पहिल्या कायद्यानें ॲसेसरहि गेले. कलेक्टरनें मोबदला ठरवावा, तो मान्य नसल्यास मालकानें प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी करावी, अशी व्यवस्था झाली. १९०५ सालीं एझ्रा यांच्या कलकत्त्याकडील प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलनें स्पष्ट केलें कीं, कलेक्टरचा हा निवाडा न्यायनिवाडा नव्हे. सरकारतर्फे मालकापुढें ठेवलेली ती एक बोली आहे. नोटिशींत ‘निवाडा’ हा शब्द पाहून ज्यांनीं तो कोर्टाचा हुकूम मानला, त्यांची संख्या मोठी असली पाहिजे.

या कायद्यांतील चार कलमें आमच्या विषयाचा कणा आहेत. तिसऱ्या कलमांत ‘सार्वजनिक प्रयोजन’ या शब्दांची व्याख्या अशी नाहीं. त्यांत गांवठाणासाठीं जमीन पुरविणें येतें, एवढेंच म्हटलें होतें. ज्या कायद्यानें पुढें मुळशीकडील गांवठाणें पाण्याखालीं नेलीं, त्याच्या व्याख्येंत नांवानें उल्लेखिलेली एकमेव गोष्ट गांवठाण हीच असावी, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. सहाव्या कलमानें सरकारनें जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठीं किंवा कंपनीसाठीं हवी असें जाहीर केलें कीं तें जाहीरनामापत्रच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा ठरे. चाळीसाव्या कलमाप्रमाणें कंपनीसाठीं जमीन घेतांना तें काम लोकांस उपयोगी ठरण्याचा संभव आहे, अशी सरकारची खात्री व्हावी लागे. आणि एकेचाळीसाव्या कलमानें कंपनीनें सरकाराशीं करार करावा व लोकांस त्या कामाचा उपयोग कोणत्या अटींवर करतां येईल हें त्यांत लिहावें, असें बंधन होतें.

मोबदल्याविषयीं कायदा अगदींच कृपण नव्हता. बाजारभाव, राहतें घर बदलावें लागल्यास त्याचा वाजवी खर्च, आणि संपादन सक्तीचें म्हणून बाजारभावावर शेंकडा १५ अधिक, एवढें तो देई. परंतु चोविसाव्या कलमांत ज्या गोष्टी विचारांत घेऊं नयेत त्यांची यादी आहे, तींत मालकाची जमीन सोडण्याविषयींची नाखुषी ही एक आहे. वडिलोपार्जित मिराशीविषयींच्या त्या मायेस, जिच्यासाठीं पूर्वीं महजरांवर महजर झाले, नव्या कायद्यांत एका ओळींत रजा मिळाली.

७. लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून तें पाणी घाटाखालीं सोडावें व त्यावर वीज करावी, ही कल्पना टाटांनीं हातीं घेतली. ७ नोव्हेंबर १९१० रोजीं टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें लोणावळ्यास पायाचा दगड बसला. लोणावळें, वळवण व शिरवतें येथील तलावांचें पाणी सुमारें सतराशें फूट खालीं खोपोलीस नेऊन १९१५ सालीं तेथून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. त्यानंतर १९१६ सालीं आंध्रा व्हॅली कंपनी निघाली. तिचें ठोकरवाडीचें धरण अंदर मावळांत, व भिवपुरीचें वीजघर १९२२ सालीं सुरू झालें. तिसरी टाटा पॉवर कंपनी १९१९ ची. मुळशीचें धरण तिचें, आणि भिऱ्याचें वीजघर १९२७ सालीं चालूं झालें. अशा रीतीनें सतरा वर्षांत मावळच्या तीन खोऱ्यांतील पाण्यानें आपली पूर्वेकडील वाट सोडून पश्चिमेची धरली.

१९१० हेंच वर्ष पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेचें आहे. ज्या वर्षीं मावळांतील जुने कागद एकत्र करण्याचा उद्योग सुरू झाला, त्याच वर्षीं मावळांतील नव्या कागदांस कारण होणारा उद्योगहि सुरू झाला.

मुळशीचा लढा सर्वांस ठाऊक आहे. रीतसर संपादन होण्यापूर्वींच कंपनीनें काम सुरू केलें, तेथून ठिणगी पडली. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह आरंभला. पुढें पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापति’ या नांवानें या लढ्याचे मुख्य झाले, वि. म. भुस्कुटे हे त्यांचे सहकारी. सुमारें बावन्न गांवांवर संकट होतें. कसणारे मावळे व पुण्यांत राहणारे सावकार-खातेदार यांचे हितसंबंध एक नव्हते. जमीन हीच ज्याची उपजीविका त्यास ती हवी होती, आणि जमीन ज्यास केवळ ठेव होती त्याचें लक्ष मोबदल्याच्या आंकड्याकडे होतें. १९२४ च्या अखेरीस लढा मावळला व धरण पूर्ण झालें.

या लढ्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तथापि ‘हे लोक न्यायालयांत कां गेले नाहींत?’ हा प्रश्न क्वचित् विचारला जातो. त्याचें उत्तर कायद्याच्या मांडणींतच आहे. मोबदल्याच्या रकमेसाठीं न्यायालयाचें दार उघडें होतें. ‘हें काम खरोखर लोकोपयोगी आहे काय?’ असें विचारण्यासाठीं तें बंद होतें. कारण सहाव्या कलमाचें जाहीरनामापत्र निर्णायक होतें आणि चाळीसाव्या कलमांतील खात्री न्यायालयाची नव्हे, सरकारची व्हावयाची होती. किंमत विचारा, कारण विचारूं नका, असा तो कायदा होता.

८. याच्या शेजारीं मुंबईचें एक प्रकरण ठेवून पाहावें. मलबार हिलवरील कांहीं जमीन कंपनी सरकारच्या काळच्या पट्ट्यानें दिलेली होती. सार्वजनिक प्रयोजनासाठीं ती परत घेण्याचा हक्क सरकारनें पट्ट्यांत राखून ठेवला होता. सरकारी अधिकाऱ्यांस घरें बांधण्यासाठीं सरकारनें ती परत मागितली, तेव्हां हमाबाई फ्रामजी पेटिट यांनीं हें सार्वजनिक प्रयोजन नव्हे अशी तक्रार केली. मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति बॅचेलर यांनीं या शब्दांचा जो अर्थ लावला त्याचा आशय असा : व्यक्तींच्या विशिष्ट हिताहून वेगळें असें समाजाचें सर्वसाधारण हित ज्यांत प्रत्यक्ष व जिव्हाळ्यानें गुंतलें आहे, तें सार्वजनिक प्रयोजन. १९१४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो मान्य केला. निकाल हमाबाईंच्या विरुद्ध गेला. परंतु लॉर्ड ड्यूनेडिन यांनीं एक गोष्ट स्पष्ट केली. सार्वजनिक प्रयोजन कशांत आहे हें सरकारला चांगलें कळतें व न्यायालय त्याला सहसा चूक म्हणणार नाहीं, तथापि सरकार हें त्याचें अंतिम न्यायाधीश नव्हे. ‘माझी इच्छा म्हणून’ एवढें उत्तर पुरेसें होत नाहीं.

शब्द तेच, सरकार तेंच, इलाखा तोच आणि काळहि जवळजवळ तोच. मलबार हिलवरील पट्टेदारास त्या शब्दांचा अर्थ लंडनपर्यंत जाऊन विचारतां आला आणि वळवणच्या किंवा मुळशीच्या शेतकऱ्यास वडगांवांत किंवा पुण्यांतहि विचारतां आला नाहीं, याचें कारण केवळ पैशांचें बळ हें नव्हे. पट्टा हा करार होता. करारांतील शब्दाचा अर्थ लावणें हें न्यायालयाचें काम. मावळच्या शेतकऱ्याचा हक्क करारावर नव्हे, वहिवाटीवर उभा होता; आणि तो घेणाऱ्या कायद्यानें ‘निर्णायक पुरावा’ हे दोन शब्द घालून न्यायालयाचें तोंड मिटविलें होतें. मालमत्ता हिरावणारा कायदा कसोशीनें वाचावा, ही कॉमन लॉची समजूत येथें निरुपाय झाली. कारण वाचण्यासाठीं कायदा न्यायाधीशाच्या हातीं तर आला पाहिजे.

येथें एक शंका संभवते. प्रश्न विचारतां आला असता तरी निकाल वेगळा लागला असता काय? आमचें मत असें कीं, बहुधा लागला नसता. कोळशावांचून शहरास वीज मिळणें हें समाजाचें हित आहे असेंच तेव्हांच्या न्यायालयानें म्हटलें असतें, आणि तें म्हणणें सर्वस्वीं चूकहि नव्हतें. परंतु त्यासाठीं कोणत्या समाजाचें हित, कोणाच्या तोट्यानें, कोणत्या अटींवर, हें सरकारास व कंपनीस उघड्या न्यायालयांत सांगावें लागलें असतें. तें सांगणें छापून राहिलें असतें. गोतसभेंत हरलेल्या पक्षाचाहि करीना दप्तरांत राहतो. मुळशीकरांचा राहिला नाहीं, तो तुरुंगाच्या नोंदींत शोधावा लागतो.

९. पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९२३ सालच्या दुरुस्तीनें कायद्यांत पांचवें ‘अ’ कलम आलें व पहिल्या नोटिशीनंतर हरकत घेऊन म्हणणें मांडण्याचा हक्क मालकास प्रथमच मिळाला. १९४९ सालीं प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपला. १९५० च्या संविधानानें सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय सर्व न्यायालयांस बंधनकारक केला.

मग १९६१ सालच्या डिसेंबरांत, कानपुराकडील आर. एल. अरोरा यांच्या प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयानें चाळीसावें व एकेचाळीसावें कलम एकत्र वाचलें. कंपनीच्या कारखान्यांतील माल लोकांस उपयोगी पडतो एवढ्यानें काम लोकोपयोगी होत नाहीं. तें कामच लोकांस प्रत्यक्ष उपयोगाचें पाहिजे व त्याचा उपयोग करण्याचा हक्क लोकांस असला पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. शब्द १८९४ पासून तेच होते; त्यांस हा प्रश्न विचारला गेला सदुसष्ट वर्षांनीं. हेडनच्या प्रकरणांतील पद्धत येथें डोळ्यांपुढें आणावी : अंदाधुंद संपादनास आळा घालण्यासाठींच तीं दोन कलमें होतीं, म्हणून त्यांना दांत आहेत असें धरून तीं वाचलीं गेलीं. परंतु विधिमंडळानें लागलीच, १९६२ सालीं, कायदा दुरुस्त केला, सार्वजनिक प्रयोजनाच्या उद्योगांतील कंपन्यांस वेगळी वाट करून दिली आणि मागील संपादनेंहि सावरून घेतलीं. १९६४ सालीं न्यायालयानें ती दुरुस्ती वैध ठरविली. न्यायालयानें अर्थ लावावा व विधिमंडळानें शब्द बदलावे, हा या कायदेपद्धतीचा नित्याचा संवाद आहे. त्यांत शेवटचा शब्द बहुधा विधिमंडळाचा असतो. पण तो त्यास उघडपणें बोलावा लागतो, हा लाभ लहान नव्हे.

१८९४ चा कायदा अखेर २०१३ च्या नव्या कायद्यानें रद्द झाला व १ जानेवारी २०१४ पासून नवा अमलांत आला. खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकीं शेंकडा ८० ची आगाऊ संमति, सामाजिक परिणामांची पाहणी, आणि केवळ खातेदारच नव्हे तर कूळ व शेतमजूर यांचीहि बाधितांत गणना, हे त्यांतील मुद्दे. मुळशीच्या कसणारास जें म्हणावयाचें होतें, तें कायद्याच्या भाषेंत येण्यास सुमारें नव्वद वर्षें लागलीं.

१०. आतां आरंभीं म्हटलेल्या दुसऱ्या जातीच्या कागदांकडे पुनः येतों. संपादनाची पहिली नोटीस, सहाव्या कलमाचें जाहीरनामापत्र, गॅझेटांत छापलेला कंपनीचा करार, कलेक्टरचा निवाडा, आणि त्यावर न्यायालयाकडे गेलेलें प्रकरण, अशी ही पांच कागदांची साखळी असते. तिच्यांत शेतांचीं नांवें, विहिरी, आंब्याचीं झाडें, देवळें, कुळांचीं नांवें व हिश्श्यांचे वाद येतात. ज्या गांवांचें आज पाणी झालें आहे, त्यांचा शेवटचा महजर म्हणजे हीच साखळी होय. तिच्यावर नांगराची निशाणी नाहीं, आंगठ्याचे ठसे आहेत.

मावळांतील दप्तरें पाहणाऱ्या संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, मोडीचा रुमाल सोडतांना त्याच्या तळाशीं असलेला हा छापील कागदहि उचलावा, त्याचा सन व कलम टिपून ठेवावें, आणि तो वाचतांना दोन प्रश्न विचारावे : यांतील शब्दाचा अर्थ काय, आणि तो विचारण्याची मुभा या घरास होती काय. पहिल्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत सांपडतें. दुसऱ्याचें त्या कागदावरच असतें.